कान आपला, आवाज कुणाचा?

मैत्रिणींनो,

मागच्या बैठकीत आणि नंतर पत्रांतून बऱ्याच जणींनी विचारलं, "सोलापुरात बिडी वळणाऱ्या बायकांबरोबर बसून तुम्ही मोबाइलवर भाषणं ऐकता म्हणे. हे काय नवीन खूळ?" काहींच्या विचारण्यात कुतूहल होतं, काहींच्या विचारण्यात थोडी नाराजीही. मोर्चे, शिबिरं, गटचर्चा सोडून आता परदेशी बायांची भाषणं ऐकवणं हीच चळवळ का, असा त्या नाराजीचा सूर. प्रश्न योग्य आहे. म्हणून या अंकाचं संपादकीय त्याच विषयावर लिहिते आहे. पण उत्तर देताना माझी एक चूकही तुमच्यापुढे मांडावी लागणार आहे.

आधी ही भाषणं म्हणजे काय ते सांगते. 'टेड' या नावानं अमेरिकेत 1984 साली एक परिषद सुरू झाली. पैसेवाल्या, निमंत्रित लोकांसाठीच होती ती. 2006 पासून तिथली भाषणं इंटरनेटवर सगळ्यांना फुकट मिळू लागली. एका वक्त्याला जास्तीत जास्त 18 मिनिटं, आणि त्यात एकच विचार मांडायचा, असा तिथला दंडक. आता ही भाषणं नुसती ऐकताही येतात. चित्र बघायची गरज नाही, त्यामुळे मोबाइलचा डेटाही कमी लागतो आणि मुख्य म्हणजे डोळे आणि हात मोकळे राहतात.

हात मोकळे राहतात, असं मी आधी सहज म्हणून गेले होते. आमच्या गटातल्या एका अक्कांनी लगेच दुरुस्ती केली, "मोकळे कुठं? हात बिडीला लागलेले राहतात." आणि हेच खरं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, पायाशी दोऱ्याचं रीळ. हजार बिड्या वळून झाल्याशिवाय दिवस संपत नाही, आणि त्यातल्या किती पास होतील हे कारखान्याच्या ब्रँचमधला तपासणारा ठरवणार. डोळे आणि बोटं मालकाकडे गहाण पडलेली. उरतात ते कान. ते अजून कुणी मोजून घेत नाही.

आमचा गट असा जमला. दुपारी दोननंतर एकीच्या ओसरीवर आठ-दहा जणी सूप घेऊन बसतात. मोबाइल रिकाम्या पातेल्यात ठेवला की आवाज मोठा येतो. भाषण इंग्रजी. मी ते आदल्या रात्री दोन-तीनदा ऐकून ठेवते, मग दर दोन मिनिटांनी थांबवून मराठीत सांगते. सोलापुरातल्या बिडी कामगारांत तेलुगू बोलणाऱ्या घरांतल्या बायका पुष्कळ. त्यामुळे माझं मराठी एक जण पुन्हा तेलुगूत सांगते आणि सांगताना स्वतःचं काहीतरी घालते. अशा रीतीनं सोळा मिनिटांचं भाषण दीड तास चालतं. सुरुवातीला मला या संथपणाची अडचण वाटायची. आता वाटतं, त्या थांबण्यातच खरं काम होतं.

काम करता करता ऐकणं ही काही मोबाइलनं आणलेली गोष्ट नाही, हेही या निमित्तानं नव्यानं लक्षात आलं. माझी आजी ट्रान्झिस्टरवर 'वनिता मंडळ' लावून धान्य निवडायची. पण त्याच्याही फार आधी, 1865 साली, क्यूबातल्या हवाना शहरात सिगार वळणाऱ्या कामगारांनी एक प्रथा सुरू केली. सगळे जण वळत बसायचे आणि एक जण उंच जागी बसून मोठ्यानं वाचायचा. वर्तमानपत्रं, कादंबऱ्या, राजकीय पुस्तकं. वाचणाऱ्याची मजुरी कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून द्यायचे. काय वाचायचं तेही तेच ठरवायचे. स्पॅनिश सरकारला याची इतकी धास्ती वाटली की वर्षभरातच, 1866 मध्ये, या वाचनावर बंदी आली. पण प्रथा मेली नाही. कामगारांबरोबर ती अमेरिकेतल्या फ्लोरिडापर्यंत गेली. आपल्याकडे केरळातल्या कण्णूर भागात बिडी कामगारांतही असंच चालायचं. एक जण वर्तमानपत्र वाचायचा, बाकीचे त्याच्या वाटच्या बिड्या वळून द्यायचे.

या वाचणाऱ्यांत बायका फार थोड्या. त्यातली एक पोर्टो रिकोची लुइसा कापेतियो. सिगार कामगारांना वाचून दाखवता दाखवता ती स्वतः कामगार चळवळीत आली. 1911 साली तिनं स्त्रियांचं स्वातंत्र्य, हक्क आणि कर्तव्यं यांवर पुस्तक लिहिलं, आणि 1915 साली हवानात भर रस्त्यावर पँट घातली म्हणून पोलिसांनी तिला पकडलं. ही गोष्ट मी ओसरीवर सांगितली तेव्हा पँटच्या भागाला सगळ्या हसल्या. पण एक जण म्हणाली, "म्हणजे वाचणाऱ्याला पगार आम्ही द्यायचा, आणि काय वाचायचं तेही आम्हीच सांगायचं? मग ताई, इथं भाषणं तुम्ही एकट्या का निवडता?"

मला उत्तर सुचलं नाही. तो प्रश्न तेव्हा मी नुसता वहीत लिहून ठेवला.

पहिलं भाषण मी निवडलं होतं ते नायजेरियाच्या लेखिका चिमामांडा न्गोझी आदिची यांचं, 2009 सालचं. एखाद्या माणसाबद्दल, समाजाबद्दल आपल्याला एकच गोष्ट ऐकवली जाते आणि तेवढीच खरी वाटायला लागते, हा त्याचा विषय. त्यात त्या आपल्याच लहानपणची एक आठवण सांगतात. त्यांच्या घरी कामाला फिदे नावाचा मुलगा होता. आई नेहमी सांगायची, त्याच्या घरी फार गरिबी आहे. एकदा त्याच्या गावी गेल्यावर त्याच्या आईनं एक सुंदर टोपली दाखवली, त्याच्या भावानं विणलेली. आदिचींना धक्का बसला. या घरातलं कुणी काही सुंदर करू शकतं असं त्यांच्या मनातच कधी आलं नव्हतं. कारण 'गरीब' ही एकच गोष्ट त्यांनी ऐकली होती.

इथं मी थांबवलं. दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग एक मावशी म्हणाल्या, "आमच्याकडे लोक येतात, फोटो काढतात. खोकला येतो का, नवरा पितो का, विचारतात. मला गाणी येतात हे कुणी विचारलं नाही." मैत्रिणींनो, त्या ओसरीवर मी चार वर्षं जाते आहे. मीही विचारलं नव्हतं. माझ्या सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये तो रकानाच नव्हता.

आता माझ्या चुकीकडे येते.

तिसऱ्या की चौथ्या बैठकीला मी लेस्ली मॉर्गन स्टायनर या अमेरिकन लेखिकेचं 2012 सालचं भाषण नेलं. मार खाणारी बाई घर सोडून का जात नाही, हा विषय. स्टायनर हार्वर्डमध्ये शिकलेल्या, न्यूयॉर्कमध्ये मासिकात नोकरी करणाऱ्या. वयाच्या बाविसाव्या वर्षी प्रेमात पडल्या आणि त्याच माणसानं पुढे लग्नाच्या पाच दिवस आधी त्यांचा गळा दाबला. तरी लग्न झालं. पुढे त्यानं कितीदा तरी डोक्याला पिस्तूल लावलं. त्या सांगतात, मी स्वतःला मार खाणारी बायको समजतच नव्हते. एका दुखावलेल्या माणसावर प्रेम करणारी खंबीर बाई समजत होते. आणि मुख्य मुद्दा असा, की सोडून जाणं हाच सर्वांत धोक्याचा क्षण असतो. बाई निघाली की मारणाऱ्याकडे गमावण्यासारखं काही उरत नाही, आणि जीव जाण्याची भीती तेव्हाच सर्वांत जास्त असते.

मी हे मराठीत सांगितलं, तेलुगूत सांगून झालं. गटात एक बाई बसली होती, चाळिशीची. सुपावरची नजर न उचलता ती म्हणाली, "ताई, हे तर मी तुम्हाला तीनदा सांगितलं होतं. या बाईनं इंग्रजीत सांगितलं म्हणून आज पटलं का?"

ती खरं बोलत होती. काही वर्षांपूर्वी ती आमच्या समुपदेशन केंद्रात तीनदा आली होती. तिन्ही वेळा तिनं सांगितलं होतं, "मी निघाले तर तो मला जिवंत ठेवणार नाही." तिन्ही वेळा ती घरी परत गेली. तिसऱ्या वेळी माझा धीर सुटला आणि मी म्हणाले, "मग तुम्हीच परत परत का जाता?" चौथ्यांदा ती आली नाही. त्या संध्याकाळी मी जुनं रजिस्टर काढून पाहिलं. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: मानसिक तयारी नाही, पाठपुरावा केला नाही, केस बंद. तिनं दिलेली धोक्याची सूचना मी तिची कमजोरी म्हणून नोंदवली होती.

समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात 'ऐकण्याचं कौशल्य' आम्हाला वेगळं शिकवलं होतं. मान कशी हलवायची, मध्ये कसं बोलायचं नाही, समोरचीचं म्हणणं आपल्या शब्दांत परत कसं सांगायचं. त्यात मला चांगले गुणही मिळाले होते. पण कुणाचं म्हणणं ज्ञान म्हणून ऐकायचं आणि कुणाचं केवळ तक्रार म्हणून, याची वाटणी माझ्या कानांनी आधीच करून ठेवली होती. मंचावरून, नीट बांधलेल्या वाक्यांत, सोळा मिनिटांत आलं की तो विचार. ओसरीवरून, रडत, तुटक, तीन खेपांत आलं की ती 'केस'. विचार तोच होता, आणि तो सांगणारी तीन वेळा माझ्यासमोर येऊन बसली होती.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) असं दिसलं, की शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी 77 टक्के जणींनी त्याबद्दल कधी कुणाला सांगितलंही नाही आणि मदतही मागितली नाही. मदत मागणाऱ्या फक्त 14 टक्के. हा आकडा आपण भाषणांत सांगतो तो 'बायका बोलत नाहीत' असं म्हणण्यासाठी. तो उलटाही वाचायला हवा. बोललेल्यांचं काय झालं ते बाकीच्या बघत असतात. एकीला 'केस बंद' म्हटलं, की वस्तीतल्या दहा जणींची तोंडं मिटतात.

(हा प्रसंग मी तिला वाचून दाखवूनच छापते आहे. तिनं दोन वाक्यं काढायला सांगितली, ती काढली आहेत.)

त्यानंतर आम्ही दोघी पुन्हा बसलो. या वेळी 'सोडा' किंवा 'राहा' यातलं काहीच मी म्हणाले नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा 2005 चा कायदा तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क देतो, घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तो हक्क नाकारता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे, हे सांगितलं. पूर्वीचं 498अ आता 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 आणि 86 मध्ये आहे, हेही सांगितलं. 181 ही हेल्पलाइन सांगितली. आणि निघायची वेळ आलीच तर काय, याची तयारी केली: रेशन कार्ड, आधार, बिडी कामगाराचं ओळखपत्र यांच्या झेरॉक्स आणि थोडे पैसे शेजारच्या अक्कांकडे ठेवले, रात्री दार वाजवलं तर कोण उघडेल ते ठरवलं. ती अजून त्याच घरात आहे. अर्ज करायचा का, हे तिनं ठरवलेलं नाही. मी घाई करत नाही. ती बोलते तेव्हा ऐकते आणि या वेळी नीट लिहून घेते.

मग ही भाषणं ऐकणं वाईट का? मला तसं वाटत नाही. त्या भाषणानंच तिला ते वाक्य बोलायला वाट करून दिली. दूरच्या, शिकलेल्या, गोऱ्या बाईच्या तोंडून आपलीच गोष्ट आली, तेव्हा ही आपल्या एकटीची लाज नाही हे गटाला कळलं. पण काही गोष्टींची जाण ठेवायला हवी.

एक म्हणजे, अठरा मिनिटांच्या भाषणात प्रश्नाला शेवट असतो. टाळ्या पडतात, ऐकणाऱ्याला काहीतरी मिळाल्याचं समाधान होतं. आपल्या कामातले प्रश्न टाळ्यांवर संपत नाहीत. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेरी यांनी, शिकवणारा ज्ञानाचा भरणा करतो आणि शिकणारा रिकाम्या खात्यासारखा तो घेतो, अशा शिक्षणावर कडक टीका केली होती. रोज एक नवा विचार कानात भरणं आणि त्यावर कुणाशीही न बोलणं हा तसाच भरणा आहे. कार्यकर्त्या मैत्रिणींनो, हे मी आधी स्वतःला सांगते आहे. बसमध्ये, स्वयंपाक करताना, झोपण्यापूर्वी मीही एकामागून एक भाषणं ऐकते. आठवड्यात दहा ऐकून होतात आणि आठवत एकही नाही.

दुसरी गोष्ट निवडीची. फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरातल्या सिगार कारखान्यांतून मालकांनी 1931 साली वाचणारे काढून टाकले आणि त्यांच्या जागी रेडिओ बसवले. कामगारांचे कान रिकामे ठेवले नाहीत, फक्त त्यात काय जावं हे ठरवण्याचा अधिकार काढून घेतला. आज एक भाषण संपलं की मोबाइल पुढचं आपोआप लावतो. ते कुणी निवडलं? आपण नाही. आपल्या देशात हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे असं सर्वोच्च न्यायालयानं 1995 साली म्हटलं. 2006 मध्ये संस्थांना सामुदायिक रेडिओची परवानगी मिळू लागली आणि 2008 साली तेलंगणातल्या झहीराबाद भागात दलित शेतकरी बायकांनी 'संघम रेडिओ' सुरू केला. आपल्या माणदेशात म्हसवडलाही बायकांच्या पुढाकारानं रेडिओ उभा राहिला. तिथं बियाणं, पाऊस, दुखणी, गाणी यांवर बोलणाऱ्या बायका ऐकणाऱ्यांच्या शेजारच्याच असतात. हा रस्ता आपण पुरता वापरलेला नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातलं बिनमोबदल्याचं काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवतात, पुरुष 97. 2024 च्या सर्वेक्षणात हे आकडे 289 आणि 88 झाले. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं कमी झाली, पुरुषांची नऊ! बाई काम करता करता ऐकते याचं कौतुक करताना, तिला नुसतं बसून ऐकायला वेळ का नाही हा प्रश्न विसरता कामा नये. विचार करण्यासाठीही तिनं हजार बिड्या वळत राहायचं, हे आपण सोय म्हणून मान्य करून टाकलं, तर मालकाचंच काम सोपं होईल. बिडीच्या मजुरीचा लढा आणि ऐकण्याच्या सवडीचा लढा वेगळे नाहीत.

त्या अक्कांच्या प्रश्नानंतर आणि या प्रसंगानंतर गटानं काही नियम केले आहेत. काय ऐकायचं ते आता पाळीपाळीनं बायका सांगतात. विषय त्या देतात, शोधण्याचं काम माझं. जितका वेळ बाहेरची बाई बोलेल, निदान तितका वेळ आतल्या बायका बोलतील. कुणाचंही बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करायचं नाही, आणि ओसरीवरची गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर जाणार नाही. आणि महिन्यातून एकदा सूप बाजूला ठेवून बसायचं. हा शेवटचा नियम पाळणं सगळ्यांत अवघड जातं आहे. दोन महिन्यांत एकदाच जमलं. त्या दिवशीची मजुरी बुडते, हे त्याचं साधं कारण.

"आपल्यातल्या बाईचं भाषण नाही का?" असं एकीनं विचारलं, तेव्हा मी मोबाइल ठेवून पुस्तक नेलं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 1989 साली प्रसिद्ध झालेलं 'आम्हीही इतिहास घडवला'. आंबेडकरी चळवळीत उतरलेल्या स्त्रियांना गावोगाव जाऊन भेटून, त्यांच्याशी बोलून हे पुस्तक उभं राहिलं. म्हणजे ते मुळात ऐकण्यातूनच आलं आहे. ज्यांच्या भाषणाला कधी मंच मिळाला नसता, अशा कितीतरी जणींचं म्हणणं कुणीतरी समोर बसून ऐकलं, म्हणून आज ते आपल्या हातात आहे. सध्या आम्ही तेच वाचतो आहोत. मी वाचते, त्या वळतात. माझ्या वाटच्या बिड्या नाहीत, म्हणून मजुरी मागत नाही, एवढंच!

तुमच्या गटात असं काही चालू असेल तर कळवा. काय ऐकलं यापेक्षा ऐकल्यावर कोण बोललं, आणि ती काय म्हणाली, ते तिला विचारून लिहा. पुढच्या अंकात त्यासाठी पानं राखून ठेवते आहोत. आणि तुमच्या रजिस्टरमध्ये एखादी 'बंद' झालेली केस असेल, तर हा अंक खाली ठेवल्यावर ते पान एकदा उघडून पाहा. तिनं काय सांगितलं होतं आणि आपण काय लिहिलं, ते शेजारी शेजारी ठेवून वाचा.

तुमची मैत्रीण,
संपादक मंडळाच्या वतीनं